वरची तशीच

आमचे बाबा काचा बसवतात. चाळीस वर्षं तेच करत आलेत, आणि निदान मी जन्मल्यापासून तरी त्यांनी स्वतःची चूक कबूल केलेली मी ऐकलेली नाही. काच आखूड कापली गेली, तर सुतारानं चौकट मोठी केलेली असते. कुणाच्या घरी गेले की आधी खिडकीपाशी जाऊन काचेवर टिचकी मारणार आणि "कोणी बसवली ही?" असं विचारणार, जणू चोर पकडायला आलेत. मी त्यांच्याच दुकानात काम करते, त्यामुळे हे सगळं मला सकाळ-संध्याकाळ भोगावं लागतं.

अशा माणसाला आत्यानं चिठ्ठी लिहून दिली आणि तिथेच घोळ झाला.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. ती पुस्तकांची बांधणी करते. घरामागच्या लांबट खोलीत तिचं काम चालतं. सगळीकडे खळीचा वास, कागदांच्या चळती. सहा वर्षांपूर्वी तिथल्या खिडकीच्या तीन काचांपैकी छपरालगतची, सगळ्यात वरची, वादळात फुटली. त्याच वर्षी आत्याचे यजमान गेले होते, तेव्हा खिडकीकडे कोण बघणार? वसंतात त्या भोकातून भिंगरी पक्ष्यांची एक जोडी आत आली, तुळईवर चिखलाचं घरटं केलं आणि थंडी पडायच्या आत निघून गेली. पुढच्या वर्षी पुन्हा हजर. तेव्हापासून आत्या त्यांच्या येण्याची तारीख दारामागे पेन्सिलीनं लिहिते. "त्या वर्षी घरात बोलायला कोणी नव्हतं गं. या दोघी दिवसभर बडबडायच्या," असं ती मला एकदा म्हणाली होती.

बाबांना पक्षी ठाऊक होते, पण ते उघड्या दारातून येतात अशी त्यांची पक्की समजूत. ती काच बसवतो म्हणून ते दर वर्षी मागे लागायचे आणि आत्या "राहू दे" म्हणायची. बहिणीचा संकोच, दुसरं काय, असं ते धरून चालले होते.

या हिवाळ्यात आत्याच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. त्यानंतर दोन महिने ती लेकाकडे राहणार होती. जाताना तिनं बाबांच्या हातात चिठ्ठी दिली: "खालच्या दोन काचा नव्या बसव. वरची तशीच."

बाबांनी तिन्ही बसवल्या.

आत्या परतली ती काठी टेकत. खोलीत शिरली, मान वर केली आणि उभीच राहिली.

"वरचीही बसवलीस?"

"मग! तूच लिहिलंयस," बाबा खुशीत म्हणाले. "वरची तशीच. म्हणजे वरचीसुद्धा."

"अरे गाढवा, तशीच म्हणजे आहे तशी! हात लावू नकोस म्हणून!"

चिठ्ठी शोधून झाली, दोघांनी ती चष्मे लावून चार-चारदा वाचली. प्रत्येकाला आपलंच खरं दिसत होतं. मला हसू आवरेना. पण आत्या स्टुलावर बसली आणि हळूच म्हणाली, "तेच त्यांचं दार होतं रे." माझं हसू तिथल्या तिथे विरलं. भिंगऱ्यांची तारीख चार दिवसांवर आली होती. आणि बाबांची काच अशी लख्ख, की समोर काही आहे हे पाखराला कळणारसुद्धा नाही.

बाबा शिडीवर चढले. काच धरून ठेवणारी लांबी, म्हणजे पुट्टी, दोन महिन्यांत दगड झाली होती. पात्यानं तासभर खरवडूनही ती ढिम्म हलली नाही.

"बाबा, फोडा सरळ," मी खालून म्हणाले.

"मी बसवलेली काच?"

"मग मी येते वर."

ते काही मला येऊ देणार नव्हते. त्यांनी काचेवर फडकं धरलं, तोंड फिरवलं आणि हातोडी मारली. खाली उतरले तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

तारीख आली आणि गेली. दोन दिवस गेले, पाच गेले. बाबा दुकान माझ्यावर टाकून आत्याच्या खोलीत जाऊन बसू लागले. मी त्यांना डबा द्यायला गेले की दोघं भाऊ-बहीण माना वर करून बसलेले दिसायचे. आत्या कामाला हात लावत नव्हती. डॉक्टरांनी तिला थोडं थोडं काम करायला सांगितलं होतं, पण सुईत दोरा ओवायचंही तिच्या मनात नव्हतं. मला तिचीच धास्ती वाटायला लागली.

नवव्या दिवशी डबा घेऊन दारात पोचले, तर आतून बाबांचा आवाज आला.

"चुकलं माझं, ताई. विचारायला हवं होतं."

मी उंबऱ्यातच थबकले. आत्या म्हणाली, "माझी चिठ्ठीही अर्धवटच होती. एक शब्द जास्त लिहिला असता तर काय झिजले असते माझे हात?"

दुपारी, आम्ही तिघं जेवत असताना, डोक्यावरून काहीतरी सपकन गेलं. तुळईवर एक भिंगरी बसली होती. काळी-निळी पाठ, शेपटीची दोन टोकं. आत्यानं घास खाली ठेवला.

"एकच?" ती म्हणाली.

बराच वेळ ती भिंगरी एकटीच इकडून तिकडे उडत राहिली. मग वरच्या चौकटीत दुसरी येऊन टेकली, जराशी घुटमळली आणि आत आली. दोघींनी असा काही कलकलाट मांडला की विचारू नका. माझ्या जिवात जीव आला. बाबा खरकट्या हातानंच डोळे पुसत होते.

आत्या अजून वरच बघत होती.

"ऑपरेशनला आत नेत होते ना," ती म्हणाली, "तेव्हा वाटलं, यंदा त्या येतील आणि मीच नसेन."

बाबांनी तिचं ताट तिच्यापुढे सरकवलं.

"आलीस की," ते म्हणाले. "जेव."