इलुमिनादाचा आशीर्वाद

राजधानीला जाणाऱ्या बसमध्ये इलुमिनादा कोलाझो मनाशी एकच घोकत होती. आधी बेर्तोने केंद्राचं बोलायचं, मगच त्याला आशीर्वाद.

केंद्र म्हणजे वस्तीतलं म्हाताऱ्यांचं जेवणघर. दुपारी तिथे भात आणि लाल राजमा मिळायचा, दोमिनोचे डाव पडायचे, आणि भांडणंसुद्धा स्पॅनिशमध्येच व्हायची. नवरा गेल्यापासून ती त्या दोन तासांवरच जगत होती. घरी बोलायला भिंती होत्या. महिनाअखेरीस ते बंद होणार होतं. म्हाताऱ्यांनी दोन बस बदलून गावाच्या पार पलीकडच्या मोठ्या केंद्रात जावं म्हणे, जिथे कुणाला त्यांची भाषा कळत नाही आणि जेवायला गार सँडविच. हे ठरवणाऱ्या समितीचा प्रमुख होता बेर्तो. राज्याचा सिनेटर, आणि इलुमिनादाचा धर्मपुत्र.

पोर्तो रिको बेटावरच्या डोंगरातून ती पोरवयात समुद्र ओलांडून आली ती थेट इथल्या तंबाखूच्या शेतावर. शेडमध्ये पानं ओवून ओवून बोटं काळी पडायची. शेजारी बेर्तोची आई बसायची. बाप्तिस्म्याला पोर इलुमिनादाने हातांवर धरलं, तेव्हापासून ती त्याची मादरिना, म्हणजे धर्ममाता. आई कामावर आणि पोर हिच्याकडे, असंच ते वाढलं. यांच्यात रीत अशी, की मादरिना दिसली की आधी आशीर्वाद मागायचा आणि तिनेही लगेच द्यायचा. कितीही बिनसलेलं असो.

यंदा बेर्तोच्या ऑफिसातून फोन आला होता. हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिश बोलणाऱ्या समाजाच्या वारशाचा महिना गव्हर्नर जाहीर करणार, तर बेटावरचा पोशाख घालून या आणि पास्तेलेस आणा. पास्तेलेस हा नाताळचा पदार्थ, सप्टेंबरात कोण करतं? पण गरज हिची होती. तिने कच्ची केळी किसली, डुकराचं मटण घालून पानात बांधली, उकडली आणि डबे भरून नेले.

राजधानीतल्या सभागृहात गव्हर्नरांनी वाचून दाखवलं की या समाजाने घाम गाळून हे राज्य उभारलं. टाळ्या झाल्या. मग बेर्तोने तिला हाताला धरून मंचावर नेलं आणि कॅमेऱ्यांसमोर मान झुकवली.

"आशीर्वाद द्या, मादरिना."

तिने ओठ घट्ट मिटले होते. पण पन्नास वर्षांची सवय मेली कुठे जाते?

"देव तुझं भलं करो, बाळा," ती बोलून गेली.

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. तिला स्वतःच्या तोंडाचा भयंकर राग आला. मंचावरून उतरताना तिने त्याची बाही धरली.

"बेर्तो, केंद्राचं काय?"

"मादरिना, आज सणाचा दिवस," तो हसत म्हणाला. "आज कशाला ते? ऑफिसात फोन करा ना तुम्ही." आणि तो गव्हर्नरांच्या मागे निघून गेला. पास्तेलेसचे डबे तेवढे चाटूनपुसून रिकामे झाले होते.

तिने फोन केले. ऑफिसातली पोरगी गोड बोलायची, निरोप घ्यायची. पुढे काही नाही.

महिना सरला. दुसऱ्या दिवशी दुपारी पाय आपसूक केंद्राकडे वळले. दाराला कुलूप होतं. काचेतून दोमिनोची टेबलं भिंतीला उभी केलेली दिसत होती. पायरीवर प्रोविदेन्सिया बसली होती, शेडपासूनची मैत्रीण, जिभेला हाड नसलेली. तिच्या मांडीवर वर्तमानपत्र होतं. त्यात तोच फोटो होता, झुकलेल्या मानेचा. खाली बातमी, की बेर्तो आता वॉशिंग्टनच्या संसदेची निवडणूक लढवणार.

"देवाने ऐकलं गं तुझं," प्रोविदेन्सिया म्हणाली. "केलं त्याचं भलं."

इलुमिनादाला सांगायचं होतं की मी देणार नव्हते, मी अगदी ठरवून गेले होते. पण ते आता कुणाला पटणार होतं? ती पायरीवर तिच्या शेजारी बसली. जेवायची वेळ झाली होती आणि दोघींना घरी जायचं नव्हतं.