हे नाव आधीच आत आहे

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. जळगावच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी जावा शिकवायचो आणि उरलेल्या वेळात पत्रकं काढायचो. क्लासची एक शाखा धुळ्यात होती. नवे शिक्षक निवडायची परीक्षा कॉम्प्युटरवर व्हायची, आणि तीत उघड चोरी चालायची. उमेदवार धुळ्यात बसून माउस हलवायचा. त्याच्याच नावाने जळगावात शिरून उत्तरं भरायचा त्याचा हुशार मावसभाऊ.

मी पत्रक काढलं : ‘चोरांना खुर्ची, अभ्यासूंना दार!’

संचालक म्हणाले, "पत्रकं पुरे. चोरी बंद करून दाखव."

दाखवलं. कुणी नाव घालून आत आलं की सर्व्हर त्याचं नाव यादीत टाकायचा, सेशन संपलं, म्हणजे तो बाहेर पडला, की काढायचा. नाव यादीत असेल तर त्याच नावाने दुसऱ्याला प्रवेश नाही. जुन्याला हाकलून नव्याला घेणंही जमलं असतं. सोबतच्या शिक्षकाने तसं सुचवलंही. मी म्हणालो, "म्हणजे डमीला मागून घुसायची सोय? जमणार नाही." प्रोग्राममधून बाहेर न पडताच कुणी उठून गेलं, तर नाव अर्धा तास यादीत तसंच राहायचं. मला ती शिस्त वाटली.

परीक्षेत पाचव्या मिनिटाला धुळ्यातल्या एका मुलीचा कॉम्प्युटर अडकला. तिने बटण दाबून बंद-चालू केला, पुन्हा नाव घातलं. पडद्यावर उत्तर आलं : ‘हे नाव आधीच आत आहे.’ पेपर चाळीस मिनिटांचा. तिने शाखेतून मला फोन लावला.

"भाऊ, मी त बाहेर शे. मंग मजार कोन शे?"

"आत तुझंच जुनं सेशन आहे. थांबावं लागेल."

"किती?"

"अर्धा तास."

"मंग पेपर कोन सोडवी? तुमना नियम?"

सर्व्हर बंद-चालू केला असता तर यादी पुसली गेली असती. पण बाकी अकरा जणांचे अर्धे पेपरही गेले असते. मी फोन ठेवला. एरवी मला कशाचाही राग येतो. तेव्हा आला नाही. घड्याळाकडे बघत बसलो.

तिला शेवटची पाच मिनिटं मिळाली. निवड झाली नाही. तिने फेरपरीक्षेचा अर्ज दिला, तो संचालकांनी माझ्यापुढे सरकवला. "प्रोग्राम तुझा. शेरा तूच लिही. आणि पत्रकासारखं झणझणीत नको."

मी लिहिलं : ‘प्रोग्राम ठरल्याप्रमाणे चालला. दोष आढळला नाही.’ दोन्ही वाक्यं खरी होती. खाली सही केली. त्या शेऱ्यावर अर्ज नामंजूर झाला.

त्याच दुपारी मी प्रोग्राम बदलला. नवा आत आला की जुना बाहेर. चार ओळी लागल्या.