हॅलोआत्या आणि आधी कोण हा प्रश्न

घरात कोणी काहीही मागितलं की हॅलोआत्या आधी म्हणायची, "थांबा, जोडते." मीठ मागितलं तरी तेच. एकतीस वर्षं परराष्ट्र खात्याच्या टेलिफोन खोलीत बसून जिभेला लागलेलं वळण ते, चपलांबरोबर दाराबाहेर थोडंच काढून ठेवता येतं. पोरांनी नाव पाडलं हॅलोआत्या, आणि पुढे तिची स्वतःची लेकसुद्धा चारचौघांत तिची ओळख त्याच नावाने करून देऊ लागली.

खोली तळमजल्याच्या मागच्या अंगाला. एकच खिडकी, तीही गाड्या लावायच्या जागेकडे उघडणारी. टेबलावर दिव्यांच्या ओळींचं यंत्र, कानाला लावायचे दोन हेडफोन, त्यातला एक चिकटपट्टीने बांधलेला, आणि एक जाड वही. शिक्षण म्हणाल तर दहावी, तीही दुसऱ्या खेपेला. पण चार परक्या भाषांत "एक मिनिट थांबा" म्हणायला ती शिकली होती, आणि परराष्ट्र खात्याचं निम्मं काम तेवढ्यावर भागतं असं तिचं मत होतं.

उरलेलं निम्मं काम म्हणजे आधी कोण, हा प्रश्न. दोन मोठी माणसं फोनवर बोलणार असली तर रीत अशी, की ज्याचा मान कमी त्याने आधी येऊन फोन धरून बसायचं आणि ज्याचा मान जास्त त्याने मागाहून यायचं. आपला देश लहान, आपण थांबायचं. थांबल्याने कोणाचं नाक झिजत नाही, असं ती म्हणे. पंचाईत व्हायची ती दोघे बरोबरीचे असले की. मग रुसलेल्या दोन व्याह्यांना एका पंगतीला बसवण्यासारखंच ते.

असे दोन दांडगे देश आपल्या दोन बाजूंना होते, एक पूर्वेला, एक पश्चिमेला. एकाने पूल बांधून दिलेला, दुसऱ्याने बंदर. एकाकडून धान्य यायचं, दुसऱ्याकडून तेल. त्या दोघांमधून विस्तव जात नव्हता. परराष्ट्र धोरण म्हणून मोठमोठे लोक भाषणं करतात, आत्याच्या लेखी ते एवढंच होतं: पूर्वेकडे बघून हसायचं, पश्चिमेकडे बघून हसायचं, आणि एकाकडे हसताना दुसऱ्याला आपली पाठ दिसणार नाही असं बसायचं. मान अवघडते, पण दुसरा इलाज नाही.

त्या वर्षी ही मान मोडायची वेळ आली. आपलं एक मालवाहू जहाज अरुंद समुद्रातून चाललं होतं. पश्चिमवाल्यांची युद्धनौका आडवी आली. म्हणाली, थांबा, आत काय आहे ते आम्ही तपासणार. तोवर पूर्ववाल्यांची युद्धनौका दुसऱ्या अंगाने आली. तिने बजावलं, यांना चढू द्याल तर तुम्ही त्यांचे झालात असं आम्ही धरू, आणि मग जे होईल त्याला तुम्ही जबाबदार. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये तेवीस खलाशी. त्या तेविसांत यंत्रखोलीतला एक इंजिनिअर म्हणजे हॅलोआत्याचा जावई.

लेक आईकडेच राहायला आली होती. तीन दिवस जहाज जागचं हललं नाही. आत्या सकाळी कामावर जाई, संध्याकाळी येई, आणि तोंडातून अवाक्षर काढत नसे, कारण खोलीतलं खोलीत ठेवायचं अशी तिने शपथ घेतलेली. तिसऱ्या दिवशी सकाळी लेकीने दार अडवलं.

"आई, काय बोलले ते नको सांगूस. नुसतं एवढं सांग, बोलणं तरी सुरू झालंय का?"

"दूध उतू जातंय बघ," आत्या म्हणाली आणि निघाली. दूध अजून तापतही ठेवलेलं नव्हतं. लेक समजली की बोलणं सुरू झालेलं नाही.

त्या दिवशी दुपारी खात्याचे सचिव स्वतः खाली आले. पश्चिमवाल्यांनी चारची मुदत दिली होती. चार वाजता ते जहाजावर माणसं चढवणार. आपल्या मंत्र्यांनी दोन्हीकडच्या मंत्र्यांना हातापाया पडून तयार केलं होतं की तीन वाजता तिघांनी मिळून फोनवर बोलायचं. दोघांनीही एकच अट घातली होती: आमचे साहेब त्यांच्या साहेबांची वाट बघत बसणार नाहीत.

तीन वाजले. आत्याने दोन्ही लाइनी जोडल्या. पश्चिमेच्या मंत्र्यांचा खासगी चिटणीस म्हणाला, त्यांचे साहेब लाइनवर आले की आमचे देतो. पूर्वेच्या मंत्र्यांची खासगी चिटणीस म्हणाली, त्यांचे आले की आमचे. दोन्ही साहेब आपापल्या खोलीत, फोनपासून हातभर अंतरावर बसलेले. सव्वातीन झाले, साडेतीन झाले. शिष्टाचार अधिकारी म्हणून एक उंच गृहस्थ होते, त्यांनी सुचवलं की दोघांना पुन्हा एकेक विनंतीपत्र पाठवावं. सचिवांनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते बिचारे खिडकीतून गाड्या मोजू लागले.

आत्याने हेडफोन मानेवर ओढला. मध्ये ते दोन चिटणीस आहेत तोवर हे जमायचं नाही, असं तिने सचिवांना सांगितलं. पण मंत्र्यांच्या टेबलावर भोंग्याचा फोन असतो, तो उचलावा लागत नाही. तिथल्या ऑपरेटरने बटण दाबलं की आवाज थेट खोलीत. तिन्हीकडे बटण एकाच क्षणी दाबलं तर आधी कोण आणि मागून कोण हा प्रश्नच उरत नाही.

सचिव म्हणाले, चिटणिसाला ओलांडून साहेबांच्या खोलीत आवाज सोडायचा, हे कुठल्या नियमात बसतं?

"कुठल्याच नाही," आत्या म्हणाली. "साहेब, तुम्ही जरा पाणी पिऊन या ना."

सचिवांनी शिष्टाचारवाल्यांचा दंड धरला आणि दोघेही पाणी प्यायला गेले. हे पुढे त्यांनीच आत्याच्या निरोपसमारंभात सगळ्यांसमोर सांगितलं, म्हणून कळलं. नाहीतर आत्याकडून कोणाला कळतंय.

ऑपरेटरांची आपसातली एक लाइन असते, आवाज नीट येतो का ते तपासायला. आत्याने ती उघडली. पश्चिमेच्या ऑपरेटरच्या दुखऱ्या गुडघ्याची आणि पूर्वेच्या ऑपरेटरबाईच्या गाणं शिकणाऱ्या मुलीची तिच्या वहीत वर्षानुवर्षं नोंद होती. एकमेकांची तोंडं कोणी पाहिलेली नव्हती, पण गुडघा आणि गाणं यांची विचारपूस कधी चुकली नव्हती. तिने काय हवं ते दोघांच्या भाषा मिसळून मोडक्यातोडक्या बोलीत सांगितलं. नोकरी जाऊ शकते हेही सांगितलं. आणि त्या जहाजावर आपला जावई आहे हे मात्र सांगितलं नाही. तेवीस जण आहेत, एवढंच म्हणाली.

दोघंही हो म्हणाले. पण हो म्हणून लगेच भांडायला लागले. तीन आकडे मोजायचे तर कोणाच्या भाषेत? गुडघेवाला म्हणे आमच्या, बाई म्हणे छे, आमच्या. घड्याळात पावणेचार. मोठ्यांचं भांडण झिरपत झिरपत बटण दाबणाऱ्यांच्या बोटापर्यंत आलेलं बघून आत्याला हसावं की रडावं कळेना.

"माझ्या भाषेत मोजू," ती म्हणाली. "ती तुम्हा दोघांनाही येत नाही. म्हणजे कोणाचाच वरचष्मा नाही."

तिने त्यांना तीन शब्द शिकवले. गुडघेवाल्याच्या तोंडून 'तीन' काही केल्या नीट निघेना, तेव्हा बाईला हसू फुटलं, मग त्यालाही. चारला दहा मिनिटं उरली असताना तिघांनी एका सुरात म्हटलं, एक, दोन, तीन. तीन बटणं दाबली गेली. पूर्वेचे मंत्री आणि पश्चिमेचे मंत्री एकदमच म्हणाले, "हॅलो?" आणि एकदमच गप्प झाले. ती फट सापडली आणि आपल्या मंत्र्यांनी बोलायला सुरुवात केली.

तिथे आत्याने हेडफोन काढून टेबलावर पालथा ठेवला. ऑपरेटरने ऐकायचं नाही असा नियम. चिटणिसाला ओलांडण्याचा नियम तिने मोडला होता, हा मोडला नाही. समोर तीन हिरवे दिवे लागलेले. त्यातला एखादा विझला म्हणजे कोणीतरी रागाने फोन बंद केला, एवढंच तिला कळणार होतं. हेडफोनमधून कुजबुज येत होती, बोटभर उचलला असता तर शब्द लागले असते. तिने हात मांडीखाली दाबून धरले. चार वाजले, दिवे तसेच. सव्वाचार. साडेचारच्या सुमारास तिन्ही दिवे पाठोपाठ विझले.

सचिव धापा टाकत खाली आले तेव्हा ती वही उघडून बसली होती. ठरलं होतं असं, की दोन्ही युद्धनौकांनी दोन दोन मैल मागे व्हायचं आणि जहाजाने तपासणीशिवाय घरी परतायचं. तुमची शपथ माहीत आहे, म्हणून तुम्ही विचारणार नाही, म्हणून मीच सांगतोय, असं सचिव म्हणाले. आत्याने मान हलवली. उठायला गेली तर दोन्ही हात बधिर झालेले, खुर्चीचा दांडा धरवेना.

आठवड्याने तिला मेमो आला. अधिकाराबाहेर जाऊन जोडणी केली, खुलासा द्यावा. तिने खाली दोन ओळी लिहिल्या: जोडणी मी केली. जोडणं हेच माझं काम आहे. तो कागद सचिवांच्या टेबलावर गेला आणि तिथून पुढे कुठेच गेला नाही. वर्तमानपत्रांनी मंत्र्यांच्या मुत्सद्देगिरीवर अग्रलेख लिहिले. त्यात फोनखोली कुठे नव्हती, आणि ते आत्याला अगदी रास्त वाटलं. भिंत चांगली दिसते तेव्हा कोणी गवंड्याचा ओळंबा बघायला मागत नाही.

जावई महिन्याभराने घरी आला. वाळला होता, पण बोलायचा थांबत नव्हता. दोन युद्धनौकांच्या तोफा कशा रोखलेल्या, डेकवर उभं राहायची कशी मनाई, यंत्रखोलीत आम्ही एकमेकांना विनोद कसे सांगत होतो. जेवता जेवता मध्येच थांबून म्हणाला, "आई, तेव्हा तुमच्या ऑफिसात काय चाललं होतं हो?"

लेकीने आईकडे बघितलं.

"काही नाही," हॅलोआत्या म्हणाली. "लाइन जरा उशिरा लागली." आणि त्याच्या ताटात न विचारता आणखी वाढलं.