मामाची पोरगी सर्व्हरनं बाद केली

अंबाजोगाईत नेट कॅफे नवा निघाला तवा मी तिथं फरशी पुसायला आन् मशिनीवर कापडं झाकायला होतो. सातवीत दोनदा नापास झालो, तिसऱ्या टायमाला मास्तरनंच हात जोडले. कॅफेवाल्याकडं पीएचपीचं, म्हंजी मशिनीतली पानं लिवायच्या भाषेचं, जाडजूड पुस्तक होतं. मला इंग्रजी येत न्हाई, पण अक्षरं बघून बघून टाइप करता येतंय. एक खूण ऱ्हायली की पान कोरं. महिनाभर मी नुसतं कोरं पान बघितलं.

कॉम्प्युटर क्लासचे सर तिथं यायचे. ते म्हणले, दहावीच्या कागदाबिगर क्लासात घेणार न्हाई, आन् क्लासाबिगर तुला हे येणार न्हाई. माझं टाळकं फिरलं. म्हणलं, मंग बघाच.

पहिलं पान असं केलं, की आपण नाव टाकायचं आन् सर्व्हरनं त्या नावानं राम राम घालायचा. घातला की. पण कुणीबी नाव टाकलं तरी राम राम मलाच. मंग एसटीचं टाइमटेबल केलं, पुढची गाडी कवा ते सांगणारं. मशिनीचं घड्याळ परदेशातल्या टायमावर चालतंय हे मला कुठं ठावं. माझ्या सासऱ्यानं त्या पानावर भरवसा ठेवला, केजची गाडी चुकली आन् चार दिवस आमच्या घरी मुक्काम पडला. बायको लई खूश. मीच तेवढा अंगणात झोपलो.

तेवढ्यात आमच्या समाजाचा वधू-वर मेळावा आला. पोराची माहिती भरली की सर्व्हर जुळणाऱ्या पोरी काढून दाखवील, असं पान मी करून ठेवलं. सरांनीबी त्यांचं तसलंच पान पुढं केलतं. अध्यक्ष म्हणले, जेवणाच्या पंगतीपर्यंत तुझं चाललं तर तुझं, न्हाईतर मशिनीपुढच्या खुर्चीवर सर बसतील.

पंगतीच्या तोंडावर युसूफ वडगाव गावचा एक जण आपल्या पोराची माहिती घेऊन आला. पोरगी ठरल्यासारखीच होती, त्याला नुसतं मशिनीच्या तोंडून ऐकायचं होतं. मी दोघांची माहिती घालून बटन दाबलं. मशीन म्हणली, जोड जमत न्हाई.

"मामाची पोरगी कावून जमत न्हाई बे?" तो म्हणला. "तिथं तर पहिला मान ऱ्हातो."

सगळा हॉल हसाय लागला. चूक माझीच होती. आईच्या माहेरचं आन् पोरीचं आडनाव एक आलं की जोड बाद, असा नियम मीच घातलता. मी माझ्या मामाची पोरगी मागाय गेलतो, तवा मामा म्हणलता, आता असली लग्नं चालत न्हाईत. मी ते खरं धरून सर्व्हरात घातलं. पुढं मामानं तीच पोरगी माझ्या मावसभावाला दिली, तरी माझ्या डोक्यात उजेड पडला न्हाई.

सर पाठीमागं येऊन उभे राहिले. "ऊठ, मी बघतो."

"चूक माझी हाय," म्हणलं, "मीच काढणार."

'बाद' होतं तिथं 'सगळ्यात वर' केलं आन् बटन दाबलं. पान कोरं. हॉल आणखी हसला. सरांनी खुर्चीच्या पाठीला हात लावला. मी दोन्ही पाय खुर्चीच्या पायांत अडकवले आन् एकेक ओळ बोटानं तपासली. एका ओळीच्या शेवटची खूण खाल्ली होती. ती घातली. पोरगी आली, सगळ्यांच्या वर.

वडगाववाला पडद्याजवळ तोंड नेऊन बघत राहिला, मंग म्हणला, आता धाकट्याचंबी बघ.

पंगत बसली. अध्यक्षांनी दोनदा बोलावलं, मी उठलो न्हाई. उठलो असतो तर खुर्ची गेली असती. सर थोडा वेळ थांबले आन् जेवाय गेले. मंग अध्यक्षांनीच माझी पत्रावळ टेबलावर आणून ठेवली. डाव्या हातानं नावं भरत भरत मी जेवलो. अर्धं वरण की-बोर्डात गेलं.