टाचेच्या खड्ड्यातलं पाणी

माझी सासू मानकीबाई हिच्याबद्दल चार बरे शब्द लिहायला बसले आहे, आणि पहिला शब्द सुचतो तो हट्टी. तिने एकदा मान हलवली की ती पुन्हा दुसऱ्या बाजूला हलवायला देव आला असता तरी हात हलवत परत गेला असता. नवरा माझा तिच्यापुढे गप्प, मग माझी काय कथा!

राई गावात खाडीलगत आमची शेतं. खाडीचं पाणी आत येऊ नये म्हणून मातीचा लांबलचक बांध, आणि पावसाचं पाणी बाहेर सोडायला त्या बांधात लाकडी दार. त्याला उघाडी म्हणायचं. उन्हाळ्यात या जमिनीवर पांढरं मीठ फुलतं. पावसाने ते धुऊन निघालं की भाताला मोड आणायचे आणि ते तसेच चिखलात फेकायचे. नांगर नाही, लावणी नाही. सांभाळायचं एवढंच की शेतातलं पाणी पुरतं गोडं झालेलं असलं पाहिजे. जरा खारट राहिलं तर कोवळे मोड दोन दिवसांत जळून जातात.

ते गोडं झालं का, हे सांगायचं काम आमच्या घरातल्या बाईचं. सासू शेतात उतरायची, टाच चिखलात जोराने दाबायची आणि खड्ड्यात तळाचं पाणी झिरपून आलं की बोट बुडवून चाखायची. मग ती "भिजत घाला" म्हणाली की सगळं गाव भात भिजत घालायचं. हा मान तिला तिच्या सासूकडून आला होता आणि ती तो मिरवायचीसुद्धा, खोटं कशाला बोलू?

त्रेचाळीस साली लढाई ऐन जोरात होती. गावातले धडधाकट पुरुष, माझा नवरासुद्धा, मुंबईला गोदीत कामाला गेलेले. ज्येष्ठातल्या उधाणाला बांध फुटला, तेव्हा तो बुजवायला आम्ही बायका आणि पाच-सात म्हातारे. आठ दिवस माती टाकत होतो, आणि तोवर खाडी आत येऊन शेतं न्हाऊन गेली होती. त्यात बर्म्याचा तांदूळ बंद, बाजारात बियाणं मिळायची आशा नाही. कणगीत होतं तेवढंच. ते जळलं तर वर्षभर खायचं काय, हा प्रश्न प्रत्येक घरात होता, फक्त तोंडाने कोणी काढत नव्हतं.

पाऊस चांगला झाला. आषाढाच्या मध्यावर सासू पाणी चाखायला निघाली. मी मागे होते. त्या दिवशी ती शेतात उतरलीच नाही. बांधावरूनच वाकली, ओंजळीने पाणी घेतलं, चाखलं आणि म्हणाली, "गोडा झाला. भिजत घाला." तिचा गुडघा महिनाभर सुजलेला होता आणि तिला तो कोणाला कळू द्यायचा नव्हता. काहीतरी चुकतंय असं मला वाटलं. पण सासूला विचारायची छाती माझी नव्हती, आणि त्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी घरोघरच्या टोपल्यांत पांढरेशुभ्र मोड आले होते. सगळं गाव टोपल्या घेऊन बांधावर उभं राहिलं. पहिली मूठ आमच्या घरची, म्हणून मी शेतात उतरले, आणि दुसऱ्याच पावलाला घसरून तोंडावर आपटले. बायका खो खो हसल्या. माझ्या तोंडात मात्र तळचं पाणी गेलं होतं. ते खारट होतं.

चिखलाने माखलेली मी उभी राहिले. काय करावं सुचेना. बोलले तर सासूची गावासमोर शोभा, गप्प बसले तर गाव उपाशी. शेवटी तिच्याकडे बघून म्हणाले, "आय, खाली उतरा. टाच मारून बघा."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की तिथेच पुरून घ्यावंसं वाटलं. मग पदर खोचून ती लंगडत खाली आली. दुखऱ्या पायाची टाच दाबली, बोट बुडवलं, चाखलं.  मग सरळ झाली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पानी खारा हाय. वरचा पावसाचा चाखला मी. माजी चूक झाली. कोनी बी टाकू नका."

कोणी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. म्हातारा जानू तेवढा म्हणाला, "मानके, मोड आलेला बी आता कुठं ठेवाचा? दोन दिसांत कुजंल." त्याचं खरं होतं. 

उत्तर दिलं वरच्या अंगाच्या तारोडी गावातल्या टेरेझाने. ही सुके बोंबील घेऊन दर आठवड्याला यायची. टोपली डोक्यावर तशीच ठेवून ती म्हणाली, "अंगनान टाका ना! आमचे वरती असाच करतान. रोपा झाली का शेतान लावाची."

लावणी आम्हाला माहीत नव्हती असं नाही. पण खाऱ्या शेतात कमरेएवढ्या चिखलात लावणी करायला माणसं कुठून आणायची? सासू म्हणाली, "मानसा कशाला? आपुन हाव ना."

मग काय, गावातल्या एकूण एक अंगणात भात पेरलं. पाय ठेवायला जागा नाही. लोक भिंतींना चिकटून घरात शिरत होते, कोंबड्या दिवसभर टोपल्यांखाली कोंडलेल्या. इकडे दर ओहोटीला उघाडी उघडून खारं पाणी सोडायचं, भरतीच्या आत दार लावायचं आणि नवा पाऊस साठवायचा. हे तीन आठवडे चाललं. सासू सुजलेला गुडघा घेऊन उघाडीवर बसून असायची. टाचेच्या खड्ड्यातलं पाणी गोडं लागलं तेव्हा टेरेझाने आपल्या दोन जावा आणल्या आणि रोप किती खोल खोचायचं ते आम्हाला दाखवलं. पाठी मोडून आल्या. आठ दिवस रोपं पिवळी पडून माना टाकून होती. नवव्या दिवशी त्यांनी माना वर केल्या, आणि मी बांधावर बसून हमसून हमसून रडले. इतकं हलकं मला लग्नानंतर कधी वाटलं नव्हतं.

भात नेहमीच्या निम्म्याहून थोडं अधिक आलं. खायला पुरलं, बियाण्यालाही उरलं.

पुढच्या आषाढात लोक पुन्हा आमच्या दारात आले. मला वाटलं होतं, कोणी येणार नाही आणि ते तिला लागेल. जानूच पुढे होता. सासू म्हणाली, "मी न्हाय येनार. ज्याचा त्याचा शेत, ज्याची त्याची टाच. सगल्यांनी चाखा."

लोकांनी खूप विनवलं. तिने मान हलवली ती हलवली. ते गेल्यावर मी विचारलं, "आय, राग आलाय का?"

"राग कसला?" ती म्हणाली. "चालीस वर्सं 'भिजत घाला' बोलली का मोड हिरवं होईपर्यंत माज्या घशाखाली घास उतरत नव्हता. सगल्या गावाचा पोट माज्या जिभेवर. तुमाला वाटायचा, म्हातारी मिरवते."

एवढं बोलून तिने भाताचं ताट पुढे ओढलं आणि मन लावून जेवली. दुसऱ्यांदा भात मागून घेतला. मी वाढला आणि आमच्या शेतातलं पाणी चाखायला गेले.