धुरातली घंटा

देवावर मी तेव्हा रागावले होते आणि तो राग अजून पुरता गेलेला नाही. बाल्टिक समुद्राकाठच्या त्या राखीव जंगलात कितीतरी दिवस पावसाचा थेंब नव्हता. पडली ती नुसती वीज. पाऊस द्यायचा नव्हता तर वीज तरी कशाला पाठवलीस, असं मी त्याला तोंडावर विचारलं.

हॅम्बर्गहून आम्ही तिथे सुट्टीला गेलो होतो. मी, नवरा आणि पुण्याहून आलेल्या सासूबाई. त्यांनी बाळकृष्ण आणि पितळी घंटा सोबत आणली होती. पहिल्याच संध्याकाळी आरती झाली आणि शेजारच्या घरातल्या जर्मन बाई दारात हजर. "रूहेत्साइट! ही शांत राहायची वेळ आहे. इथे लोक शांततेसाठी येतात." माझा नुसता तिळपापड झाला. त्यांचा कुत्रा दिवसभर भुंकायचा, ती मात्र शांतता! तरी भांडण नको म्हणून मी घंटा बॅगेत टाकली. सासूबाईंचा चेहरा उतरला. त्या टाळ्यांवर आरती म्हणू लागल्या.

वीज पडली त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सासूबाई नेहमीसारख्या आरतीसाठी फुलं आणायला जंगलाच्या कडेला गेल्या. नवरा गाडी घेऊन गावात गेला होता. वारा फिरला आणि आत धुमसत राहिलेली आग झाडांवर चढली. बघता बघता पायवाट धुरात दिसेनाशी झाली. त्यांचा फोन घरातच पडलेला. अग्निशमन दलाचा माणूस मला पुढे सोडेना. "शोधपथक येतंय, थांबा." थांबा! जर्मनचा एक शब्द न येणारी माझी सासू आत होती आणि हा मला थांबा म्हणत होता! मी त्याच्यावर चक्क मराठीतून ओरडले. देवालाही सोडलं नाही. जन्मभर तुझ्यासाठी फुलं वेचली त्यांनी, आता त्यांनाच जाळणार आहेस?

तेवढ्यात कुणीतरी माझा दंड धरला. त्याच शेजारच्या बाई. "तुमची घंटा कुठे आहे? आणा! त्या दिवशी मला खिडक्या बंद करूनसुद्धा ऐकू आली होती." मला आधी तो टोमणाच वाटला. पण त्या मला घराकडे ढकलू लागल्या. मी धावत जाऊन घंटा आणली. किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकाडावर उभ्या राहून आम्ही ती वाजवत राहिलो. माझा हात भरून आला की त्या वाजवायच्या.

बऱ्याच वेळाने धुरातून सासूबाई आल्या. नाकाला पदर, मुठीत फुलं आणि चेहऱ्यावर संताप. "अगं, माझ्याशिवाय आरती सुरू केलीस?"

मी त्यांना मिठी मारून रडले. वाट दिसेना म्हणून त्या आवाजाच्या रोखाने चालत आल्या होत्या. रात्री आम्हाला सगळ्यांना गावातल्या शाळेत नेलं. तिथे आरतीच्या वेळी सासूबाईंनी घंटा त्या बाईंच्या हातात दिली आणि बाईंनी ती शेवटपर्यंत वाजवली.

मी जिच्यावर सर्वात जास्त चिडले होते, तिलाच देवाने पाठवलं. त्याचे उपकार मी विसरणार नाही. कुणाला कुठल्या वाटेने आणायचं हे आता मी त्याच्यावर सोडलं आहे. जळालेल्या जंगलाचा जाब मात्र अजून रोज विचारते. विचारण्याआधी घंटा वाजवते.