कॉफीची सुट्टी पंधरा मिनिटांची

आर्नहेम या डच शहराच्या बाहेर झाडीत एक जुना बंगला आहे. तिथे बैठका भरतात, कधी कंपन्यांच्या, कधी डॉक्टरांच्या, कधी सरकारी लोकांच्या. मी तिथे कॉफी देते, टेबलं लावते, कप धुते. यंदा सहावं वर्ष. माझा नवरा शहरातल्या एका भारतीय हॉटेलात स्वयंपाकी आहे, त्याच्यामागून मी इथे आले. आई अंथरुणाला खिळली तेव्हा नववीत माझी शाळा सुटली ती सुटलीच. हे मी इथे कुणाला आपणहून सांगत नाही. मराठी बायका गणपतीला भेटल्या की पहिला प्रश्न ठरलेला, "तुम्ही कशात केलंय?" मी सांगते, "केटरिंगमध्ये." त्यांना वाटतं पदवी. मी पुढे काही बोलत नाही.

त्या बंगल्यात दर ऑक्टोबरात तीन दिवसांची एक बैठक व्हायची. अमेरिकेतून दहा-बारा माणसं यायची, युरोपातून तेवढीच. निवृत्त अधिकारी, प्राध्यापक, एखादा माजी खासदार. जगात काही बिनसलं तरी समुद्राच्या दोन्ही बाजूंनी एकमेकांशी बोलणं तोडायचं नाही, एवढ्यासाठी ही बैठक. ती भरवायच्या एक डच बाई, सत्तरी ओलांडलेल्या, ताठ. मी त्यांना 'मेव्राउ' म्हणायची, म्हणजे आपलं 'बाई'.

या बाईंचे माझ्यावर उपकार आहेत. पहिल्या वर्षी मी तळघरात भांडी धुवायला होते. त्यांनी मॅनेजरला सांगितलं, "हिला वर हॉलमध्ये द्या. ही कप ठेवते तेव्हा आवाज होत नाही." तेव्हापासून मी वर आले. माझ्या तोडक्यामोडक्या डचला त्या कधी हसल्या नाहीत. चुकलं की शब्द दुरुस्त करून द्यायच्या आणि पुढे चालायच्या.

त्यांची शिस्त मात्र कडक. कॉफीची सुट्टी पंधरा मिनिटांची. पंधरा मिनिटं झाली की मी पितळेची हातघंटा वाजवायची. "राजा कॉफी पीत असला तरी वाजवायची," हे त्यांचं वाक्य. दुसऱ्या वर्षी माझी पाच मिनिटं चुकली, कारण पाहुणे इतक्या रंगात बोलत होते की मध्ये पडायला मला जड गेलं. बाई काही बोलल्या नाहीत. मॅनेजर बोलला. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण मी मान खाली घालून ऐकलं.

तिसऱ्या वर्षी जगात सगळंच बिनसलेलं होतं. युद्ध लांबलं होतं, अमेरिकेनं मालावर कर वाढवले होते, आणि इथले लोक ट्रेनमध्येसुद्धा विचारत होते की अमेरिका आता आपली राहिली का. माझी काळजी वेगळी होती. त्याच महिन्यात माझं तात्पुरतं काम कायम होणार होतं, किंवा संपणार होतं. कायमच्या कामाच्या कराराला इथे 'वास्त कॉन्ट्रॅक्ट' म्हणतात. तो कागद हातात आला की घर भाड्यानं मिळणं सोपं जातं. रोज कामावर जाताना सायकलवर मी मनात तेच म्हणायची, आज काही चुकू नये.

बैठकीत दोन म्हातारे होते. एक उंच डच प्राध्यापक, दुसरे अमेरिकेचे निवृत्त अधिकारी. अधिकाऱ्यांना गरम कॉफीतही बर्फ लागायचा. ती बैठक या दोघांनी आणि बाईंनी मिळून सुरू केलेली. दोघं दरवर्षी शेजारी बसायचे आणि एकमेकांच्या ताटातलं उचलायचे. त्या वर्षी पहिल्याच दिवशी टेबलावर भडका उडाला.

अमेरिकन म्हणाले, "इतकी वर्षं आमच्या छत्रीखाली उभे राहिलात आणि आता आम्हालाच हवामान शिकवता?"

प्राध्यापक म्हणाले, "छत्री मित्राची होती तेव्हा उभे होतो. आता तुम्ही ती भाड्यानं द्यायला लागलात."

कुणीतरी हसलं. अमेरिकन हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी जागा बदलून टेबलाच्या टोकाला जाऊन बसले. बाईंचा चेहरा उतरला. मला म्हणाल्या, "हे दोघं बोलले नाहीत तर पुढच्या वर्षी कोण कशाला येईल?" मला म्हणजे काय, मी तिथे पाण्याचे जग भरत होते, म्हणून मला.

मी घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "आमच्या भावकीच्या बैठकीत असंच होतं. शेवटी काय ठरतं? पुन्हा बैठक घ्यायचं." मी म्हटलं, "ही भावकी नाही." तो म्हणाला, "मग काय आहे? दोन भाऊ, एक शहाणी आत्या, आणि चहा देणारी तू."

तिसऱ्या दिवशी सकाळच्या सुट्टीत मी कप गोळा करत होते. कपांची ट्रॉली ठेवतो तिथे, भिंतीच्या आडोशाला, अमेरिकन एकटे उभे होते. प्राध्यापक आले. त्यांच्या हातात दोन कप होते, एकात बर्फ. बर्फ त्यांनी स्वतः मागून घेतला होता, माझ्याकडूनच. त्यांनी तो कप पुढे केला. अमेरिकन बराच वेळ कपाकडे बघत राहिले आणि मग त्यांनी तो घेतला.

मी घड्याळ बघितलं. पंधरा मिनिटं होत आली होती. मॅनेजर दारात उभा होता.

प्राध्यापक म्हणाले, "परवा मी जे बोललो ना, ते..."

इंग्रजी मला एवढं कळतं. ते काय म्हणणार होते हेही मला कळलं होतं, त्यांच्या मानेवरून, आवाजावरून. माझ्या डाव्या हातात ट्रे होता, उजव्यात घंटा. मी घंटा वाजवली.

दोघंही दचकले. अमेरिकनांनी कप माझ्या ट्रेमध्ये ठेवला, भरलेलाच, आणि "थँक यू, मॅडम," म्हणून आत गेले. प्राध्यापक तिथेच उभे राहिले. मग तेही गेले. आत पुन्हा कागद वाचले गेले, पुन्हा आवाज चढले. जेवणाआधीच अमेरिकनांनी टॅक्सी मागवली. मी खिडकीतून बघितलं, त्यांना सोडायला कुणी बाहेर आलं नव्हतं.

दुपारी मॅनेजर मला म्हणाला, "आज अगदी वेळेवर. छान." दोन आठवड्यांनी कागद हातात आला, कायमचा. नवऱ्यानं घरी बासुंदी केली. मी खाल्ली आणि रडले. तो चिडवायला लागला, "तू घंटा वाजवलीस म्हणून अमेरिका-युरोप तुटले होय गं? एवढी मोठी कधी झालीस?" मग माझा चेहरा बघून त्यानं वाटी माझ्या हातातून घेतली.

पुढच्या वर्षी अमेरिकेहून पत्र आलं, येणं जमणार नाही. त्याच्या पुढच्या वर्षी बैठकच नव्हती. त्या तीन दिवसांत आता बंगल्यात विक्री कशी वाढवावी याचं शिबिर भरतं. ते लोकही चांगले आहेत. सुट्टीत सगळे आपापल्या फोनवर असतात.

या वसंतात बाईंनी मला घरी कॉफीला बोलावलं. इथल्या पद्धतीप्रमाणे तीन आठवडे आधी वार आणि वेळ ठरली. त्या कापेले आन डेन आयसेल या गावी एका फ्लॅटमध्ये एकट्या राहतात, गुडघ्यामुळे आता काठी घेऊन चालतात. मी ट्रेनमध्ये सगळी वाक्यं डचमध्ये जुळवत गेले आणि तिथे पोचल्यावर सगळी उलटसुलट झाली. तरी सांगितलं. आडोसा, दोन कप, अर्धं वाक्य, घंटा.

बाई म्हणाल्या, "नियम माझा होता. तू का स्वतःला लावून घेतेस? आणि त्यांना तीन दिवस टेबल होतं की! कप ठेवायच्या जागी कशाला बोलायचं?"

मी म्हटलं, "मेव्राउ, टेबलावर कुणीच बोलत नव्हतं. टेबलावर सगळे वाचायचे. बोलायचे ते कप ठेवायला आले की. दरवर्षी. कुणाचं नातवंड आजारी आहे, कुणाचं कुठे चुकलं, सगळं तिथेच. मी कप उचलायची ना, मला ऐकू यायचं."

त्यांनी कप बशीत ठेवला. "तुला हे पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं?"

"वर आल्यापासून."

"मग मला का नाही सांगितलंस? मी सुट्टी तासाभराची केली असती. टेबलच काढून टाकलं असतं!"

काय सांगणार? मला वाटायचं, एवढी शिकलेली माणसं, त्यांना ठाऊकच असणार. नववी शिकलेल्या बाईनं त्यांना काय सांगायचं? मला घंटेचं वाईट वाटत होतं, ती मी भीतीनं वाजवली. पण सांगायला माझ्याकडे तीन वर्षं होती. बैठकीच्या दिवसांत बाई रोज संध्याकाळी कोट घालताना विचारायच्या, "आज कसं वाटलं तुला?" आणि मी रोज म्हणायची, "सगळं छान."

हे मी त्यांना सांगितलं, नववीसकट. इथे आल्यापासून पहिल्यांदाच.

मग मी म्हटलं, "अजूनही फोन करता येईल ना त्यांना? दोघांना?"

"प्राध्यापक आता फोन उचलत नाहीत, त्यांना ऐकू येत नाही. आणि अमेरिकेत मी त्याला पत्र लिहिलं होतं. उत्तर आलं, छान अक्षरात. हवामानाबद्दल."

मी सवयीनं उठले आणि दोघींचे कप उचलले.

"ठेव ते," त्या म्हणाल्या. "बस. बोल काहीतरी."

मी बसले. खाली पार्किंगमध्ये कुणीतरी गाडी धूत होतं. मग मी त्यांच्या गुडघ्याबद्दल विचारलं.